सुरुंग शोधण्याआधी गवत का कापावे लागते

कंबोडियाच्या पश्चिमेकडील प्रांतांत जमिनीतले सुरुंग काढणाऱ्या कामगारांच्या हातात दिवसातला बराच वेळ मेटल डिटेक्टर नसतो, झाडे छाटण्याची साधी कात्री असते. छातीपुढे जाड कवच आणि चेहऱ्यासमोर पारदर्शक ढाल बांधून, गुडघे टेकून, ही माणसे समोरचे गवत थोडे थोडे धरून कापतात, कापलेले गवत मागे नेऊन टाकतात आणि मगच डिटेक्टर उचलतात. या कामात स्त्रियाही मोठ्या संख्येने आहेत. बातम्यांतील छायाचित्रांत मात्र डिटेक्टरच दिसतो, आणि त्यामुळे गवत कापणे ही कामापूर्वीची किरकोळ साफसफाई असून खरे काम यंत्र करते, असा समज होतो. वस्तुस्थिती अशी आहे की यंत्राला जमिनीखालचे किती ऐकू येणार हे बऱ्याच अंशी वरच्या गवताची उंची ठरवते. त्यामागचे विज्ञान फारसे अवघड नाही, पण सहसा कोणी ते सांगत नाही.

आधी ही जमीन अशी का झाली, ते थोडक्यात पाहू. व्हिएतनामच्या फौजांनी जानेवारी १९७९ मध्ये ख्मेर रूज या जहाल कम्युनिस्ट संघटनेची कंबोडियातील राजवट उलथून टाकली, परंतु थायलंडच्या सीमेलगत लढाई पुढेही अनेक वर्षे चालू राहिली. १९८०च्या दशकाच्या मध्यावर त्या सीमेला समांतर ‘के-५’ या नावाने ओळखला जाणारा संरक्षक पट्टा उभारण्यात आला. त्यासाठी हजारो खेडुतांना सक्तीने नेऊन जंगल तोडून घेतले गेले, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत सुरुंग पेरले गेले. पॅरिसचा शांतता करार २३ ऑक्टोबर १९९१ रोजी झाला आणि पुढच्या वर्षी सुरुंग काढण्यासाठी कंबोडियाची स्वतःची संस्था स्थापन झाली. १९९६ या एका वर्षात सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यामुळे चार हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा जखमी झाली होती. गेल्या काही वर्षांत हा वार्षिक आकडा शंभराच्या खाली आला आहे, आणि या घटीत वर वर्णन केलेल्या संथ, कंटाळवाण्या कामाचा मोठा वाटा आहे. बट्टांबांग, पायलिन, बांतेआय मिआनचेय या प्रांतांत जेथे एकदा जंगल तोडले गेले, तेथे माणूस पुन्हा फिरकला नाही, आणि कोकणाप्रमाणेच मोसमी पावसाच्या या प्रदेशात रिकाम्या जमिनीचे जे होते तेच तेथेही झाले: पुरुषभर उंचीचे गवत, बांबूची बेटे आणि काटेरी झुडपे.

डिटेक्टरला काय कळते

देवळाच्या किंवा मॉलच्या दाराशी सुरक्षारक्षक आपल्या अंगाभोवती जी दांडी फिरवतो, तिचे आणि सुरुंग शोधणाऱ्या डिटेक्टरचे तत्त्व एकच आहे. लांब दांड्याच्या टोकाला एक चपटे गोल डोके असते आणि त्याच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, असते. त्या तारेतून सतत बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र जमिनीत शिरते आणि त्याच्या टप्प्यात धातूचा तुकडा असेल तर त्या तुकड्यात भोवऱ्यासारखे गोल फिरणारे सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतात. हे प्रवाह स्वतःचे वेगळे चुंबकीय क्षेत्र तयार करतात, ते क्षीण क्षेत्र कॉइलपर्यंत परत येते आणि यंत्र त्याचे रूपांतर कानात ऐकू येणाऱ्या आवाजात करते. काही डिटेक्टरांत प्रवाह अखंड चालू असतो. दुसऱ्या प्रकारात तो क्षणभर सोडून झटक्यात तोडला जातो आणि पुढच्या काही मायक्रोसेकंदांत यंत्र धातूतून येणारा, विरत चाललेला प्रतिसाद टिपते.

या वर्णनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की डिटेक्टर सुरुंग शोधत नाही, केवळ धातू शोधतो. स्फोटक द्रव्य, प्लॅस्टिकचे कवच, लाकडी पेटी, रबराची टोपी, यांपैकी काहीही त्याला जाणवत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते: गवतही त्याला जाणवत नाही. गवत चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही आणि शोषूनही घेत नाही. हातभर उंच गवताचा भारा आणि तेवढीच रिकामी हवा यांत डिटेक्टरच्या दृष्टीने जवळजवळ काहीच फरक नाही. मग गवत कापण्याचा एवढा अट्टाहास का?

याचे उत्तर अंतरात आहे. गवत डिटेक्टरचे डोके जमिनीपासून वर उचलून धरते.

गोल कॉइलचे चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होते. कॉइलच्या आकाराच्या मानाने पुरेसे दूर गेले की ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले तर क्षेत्र एक अष्टमांश उरते. धातूच्या तुकड्याकडून परत येणाऱ्या क्षेत्रालाही हाच नियम लागू आहे. जाताना आठ पट आणि येताना आठ पट, अशी एकूण चौसष्ट पट घट होते. प्रकाश किंवा ध्वनी दूर जाताना मंदावतो ते आपल्या रोजच्या अनुभवाचे आहे, परंतु इतक्या तीव्रतेने घटणाऱ्या गोष्टीचा अनुभव आपल्याला सहसा नसतो. म्हणूनच डोके चार बोटे वर राहिले तर एवढे काय बिघडते, असे नवख्या माणसाला वाटते.

आता हे आकड्यांत मांडून पाहू. सुरुंग काढण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांत असे धरले जाते की, सुरुंग किती खोल आहेत याची खात्रीलायक माहिती नसेल, तर जमीन मूळ पृष्ठभागापासून १३ सेंटिमीटर खोलीपर्यंत साफ करावी. समजा, डिटेक्टरची कॉइल २४ सेंटिमीटर व्यासाची आहे आणि धातूचा तुकडा तिच्या बरोबर मध्याखाली १३ सेंटिमीटर खोल आहे. डोके जमिनीला अगदी लगत असताना मिळणारा संकेत १०० धरला, तर ते ५ सेंटिमीटर वर उचलताच संकेत सुमारे ३० वर येतो. १० सेंटिमीटर वर उचलले तर तो १० उरतो. गवताच्या खुंटांनी डोके २० सेंटिमीटर वर अडवले तर दोनसुद्धा उरत नाही. हा आदर्श परिस्थितीतील हिशेब आहे आणि प्रत्यक्षातील यंत्रांचे आकडे थोडे वेगळे येतील, पण उताराचा तीव्रपणा बदलत नाही. घोट्याच्या थोडे वर येणारे जे गवत आपण शेताच्या बांधावर सहज तुडवत जातो, ते या कामात जमिनीचा बहुतेक आवाज गिळून टाकते.

त्यावर एक सुचणारा उपाय म्हणजे कॉइल मोठी करणे. मोठ्या कॉइलचे क्षेत्र खोलवर जाते हे खरे आहे, आणि विमानातून टाकलेले, न फुटलेले मोठे बॉम्ब शोधताना मोठ्या चौकटीच्या कॉइल वापरल्याही जातात. पण कॉइल जितकी मोठी तितके तिचे क्षेत्र विखुरलेले, आणि बारीक तुकड्याबाबत ती तितकी मंद. सुरुंगांच्या बाबतीत तर बारीक तुकडाच शोधायचा असतो.

तो तुकडा किती बारीक असतो, हे कळल्याशिवाय गवताची अडचण पूर्ण कळत नाही. सोव्हिएत बनावटीच्या पीएमएन या सुरुंगावर रबरी आवरण घट्ट धरणारा धातूचा पट्टा असतो, त्यामुळे तो शोधणे तुलनेने सोपे आहे. चिनी बनावटीच्या टाइप ७२ या सुरुंगाचे कवच मात्र प्लॅस्टिकचे असते आणि त्यात धातू अगदी नावापुरता असतो. अमेरिकन एम-१४ हा सुमारे साडेपाच सेंटिमीटर व्यासाचा सुरुंग आणि त्याची व्हिएतनामी नक्कल यांचीही तीच कथा आहे: फोडणीची छोटी पोलादी टाचणी आणि तत्सम किरकोळ भाग सोडले तर सारे प्लॅस्टिक. धातूच्या तुकड्याचा प्रतिसाद ढोबळमानाने त्याच्या लांबी-रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तुकडा निम्म्या आकाराचा झाला की प्रतिसाद एक अष्टमांश होतो. हे आणि अंतराचे गणित एकत्र केले तर असे दिसते की दुप्पट अंतरावरून तेवढाच आवाज ऐकू यायचा असेल तर तुकडा चौपट मोठा हवा. टाचणी आपल्यासाठी चौपट मोठी होणार नाही, म्हणून अंतरच कमी करावे लागते. १९९६ मध्ये पारंपरिक शस्त्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात सुधारणा झाली आणि माणसांविरुद्धच्या सुरुंगात निदान ८ ग्रॅम लोखंडाच्या तुकड्याइतका संकेत देणारे काहीतरी असलेच पाहिजे, असे बंधन आले. भारतही त्या सुधारित करारात सामील आहे. परंतु कंबोडियातील सुरुंग त्याच्या कितीतरी आधी पेरले गेले होते.

जांभा, ओलावा आणि खोटे आवाज

गवताचा दुसरा उपद्रव जमिनीच्या प्रकाराशी जोडलेला आहे. अंकोरच्या मंदिरांच्या पायात जो तांबडा दगड आहे, तो आपल्या कोकणात आणि गोव्यात घरांच्या भिंतींना वापरला जाणारा जांभाच होय. जांभ्याच्या मातीत लोहाची संयुगे भरपूर असतात आणि त्यांपैकी काही चुंबकीय गुणधर्माची असतात. अशा मातीवर डिटेक्टर धरला तर धातू नसतानाही माती स्वतःच प्रतिसाद देते. त्यावर यंत्रात तोड असते: काम सुरू करण्यापूर्वी धातू नसल्याची खात्री असलेल्या जागी डोके वरखाली करून त्या मातीचा प्रतिसाद यंत्राला ओळखायला लावायचा आणि पुढे तेवढा वजा करायला सांगायचा. ही वजाबाकी चांगली होते, पण ती कधीच पूर्ण होत नाही, आणि डोक्याची उंची स्थिर राहिली तरच ती विश्वासार्ह असते. अर्धवट कापलेल्या गवतात डोके एका झुबक्यावर चढते, पुढच्या खळग्यात उतरते, पुन्हा खुंटाला अडून तिरके होते. प्रत्येक वेळी मातीचा प्रतिसाद बदलतो आणि यंत्र विनाकारण कुरकुरते. बारीक टाचणीचा आवाजही तसाच कुरकुरल्यासारखा असतो. ओल्या गवताचे पाते डोक्याला घासले तर, कॉइलभोवतीचे विद्युत आवरण चांगले नसेल तेव्हा, त्यानेही आवाज उठतो.

येथे मानवी हाताचा एक दोषही भर घालतो. डिटेक्टर डावीकडून उजवीकडे फिरवताना हात स्वाभाविकपणे लंबकासारखा झुलतो आणि दोन्ही टोकांना डोके वर उचलले जाते. मोकळ्या जमिनीवर प्रशिक्षक ही सवय मोडू शकतो. गवतात मात्र टोकांकडचे न कापलेले गवत डोक्याला वर ढकलते आणि चूक कामगाराची असूनही ती दिसून येत नाही. म्हणूनच वाट एक मीटर रुंद आखली असली तरी गवत आणि शोध दोन्ही वाटेच्या कडेच्या थोडे बाहेरपर्यंत न्यावे लागतात, म्हणजे शेजारच्या दोन वाटांमध्ये न ऐकलेली चिंचोळी पट्टी राहत नाही.

कात्रीचे काम

गवत कापायचे ते एका ठरलेल्या क्रमाने. कामगारापुढे वाटेच्या आडवी एक रंगवलेली काठी ठेवलेली असते. काठीच्या मागची जमीन तपासलेली, पुढची न तपासलेली, हा तिचा अर्थ. काठीपलीकडच्या अर्ध्या मीटरभर पट्टीकडे तो प्रथम नुसते पाहतो. त्यानंतर एक लवचिक बारीक काडी गवताच्या बुडाशी आडवी सरकवून अतिशय हळू वर उचलतो. काडीला कुठे ताण जाणवला तर गवतात तार असू शकते, कारण खुंटीवर बसवलेले किंवा जमिनीतून उसळी घेऊन फुटणारे काही सुरुंग पायाला अडकणाऱ्या तारेने फुटतात. चाळीस वर्षांत बहुतेक तारा गंजून तुटल्या असल्या तरी ‘बहुतेक’ या शब्दावर विसंबून कोणी पुढे पाय टाकत नाही. तार नाही अशी खात्री झाली की गवताचा शेंडा हातात धरून वरून खाली टप्प्याटप्प्याने कापायचे, जमिनीपासून काही सेंटिमीटरच खुंट राहतील इथपर्यंत. उपटायचे मात्र मुळीच नाही, कारण गवताच्या मुळांच्या जाळ्यात सुरुंग गुंतलेला असू शकतो आणि बांबूच्या वाढत्या कंदांनी तो कलंडवून वर ढकलला असण्याचीही शक्यता असते. कापलेले गवत तेथेच पडू दिले तर त्याचाच थर होतो आणि मिळवलेले अंतर पुन्हा गमावले जाते, म्हणून ते मूठमूठ मागे न्यावे लागते.

त्यानंतर डिटेक्टर फिरतो. आवाज आला तर जागा नेमकी हेरून खूण केली जाते आणि थोडे अलीकडून, सुमारे तीस अंशांच्या तिरप्या कोनात, टोचणीने माती चाचपली जाते, म्हणजे टोचणी सुरुंगाच्या वरच्या, दाबाने फुटणाऱ्या भागावर न लागता त्याच्या कुशीला लागते. सुरुंग सापडला तर तो सहसा उचलला जात नाही, जागच्या जागी छोटा स्फोट करून नष्ट केला जातो. आवाज आला नाही तर काठी पुढे सरकते आणि पुन्हा पाहणे, काडी, कात्री. कामगारांनी एकमेकांपासून पुरेसे अंतर राखायचे असल्याने एका तुकडीला माणसे वाढवूनही वेग हवा तसा वाढवता येत नाही. दाट गवतात एका माणसाच्या वाट्याला दिवसाकाठी मोजके चौरस मीटर येतात.

त्यात हाती लागते काय, तेही पाहण्यासारखे आहे. मार्च १९९२ ते ऑक्टोबर १९९८ या काळात कंबोडियात सुरुंग शोधताना सुमारे २० कोटी वस्तू उकरून काढल्या गेल्या आणि त्यांपैकी सुमारे ५ लाख, म्हणजे ०.३ टक्क्यांहूनही कमी, सुरुंग किंवा अन्य स्फोटके होती. बाकी सारे काडतुसांची टोपणे, बॉम्बचे तुकडे, डबे, खिळे, तारांचे तुकडे. गवत नीट कापून डोके जमिनीलगत आणले की हे भंगारही अधिक स्पष्ट ऐकू येते, ही या कामातील न टळणारी किंमत आहे. संवेदनशीलता कमी करून भंगार वगळावे तर टाचणीही वगळली जाते.

या क्रमाला पर्याय सुचवणारे लोक नेहमी भेटतात. गवत जाळून का टाकत नाहीत, हा त्यांतला पहिला प्रश्न. काही ठिकाणी जाळतातही. परंतु गवताची आग वरवरची असते. ती मातीखालचा सुरुंग नष्ट करत नाही, वरच्या सुरुंगांचे प्लॅस्टिक वितळवून त्यांना अधिक बेभरवशाचे करते, खुंट्या जाळून त्यांवरचे सुरुंग आडवे पाडते आणि वाऱ्याबरोबर कोठेही जाते. तणनाशकाने मेलेले गवत तर जागेवर उभेच राहते. शेळ्या सोडण्याची कल्पना मला तरी निर्दय वाटते आणि ती निरुपयोगीही आहे, कारण पाच-दहा किलोंच्या दाबानेही फुटणारे सुरुंग आहेत आणि शेळी तिला आवडेल तेवढेच खाते. यंत्रांची गोष्ट वेगळी आहे. चिलखती उत्खनकाच्या हाताला बसवलेली, जपानी बनावटीची झुडपे कापण्याची यंत्रे कंबोडियात अनेक वर्षे वापरात आहेत आणि बांबूच्या बेटांत त्यांच्याशिवाय निभाव लागत नाही. तरीही यंत्राने चिरडलेल्या झाडोऱ्याचा जो चुरा जमिनीवर पसरतो, तो बाजूला केल्याशिवाय डिटेक्टर चालवण्यात अर्थ नसतो. साखळ्या आपटून जमीन झोडपणारी यंत्रे त्यापुढे जाऊन सुरुंगच फोडतात, पण काही नुसतेच मोडतात, काही खोल ढकलतात, आणि धातूचे नवे तुकडे सर्वत्र पसरवतात. यंत्रामागून माणूस लागतोच.

रडार जोडलेले डिटेक्टरही आले आहेत. ते धातूबरोबरच जमिनीतील प्लॅस्टिकची वस्तूही ओळखू शकतात आणि त्यामुळे खिळा व सुरुंग यांत फरक करणे सोपे होते. कंबोडियात ते २००६ पासून वापरले जात आहेत आणि भंगार उकरण्याचा वेळ त्यांनी वाचवला आहे. गवताच्या बाबतीत मात्र रडार डिटेक्टरपेक्षाही नाजूक आहे. त्याच्या लहरी गवताच्या ओल्या बुंध्यांवरून आणि खडबडीत पृष्ठभागावरून परावर्तित होतात, म्हणून त्यालाही डोके जमिनीलगतच हवे.

धातूचा संबंधच नसलेला उपाय म्हणजे वासाने स्फोटक ओळखणारे प्राणी. टांझानियात प्रशिक्षण दिलेले आफ्रिकेतील मोठे पिशवीगाल उंदीर कंबोडियात काम करतात. त्यांच्यातील मगावा या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनमधील प्राणिसेवी संस्थेचे शौर्यपदक मिळाले. त्याचे वजन १.२ किलो होते, म्हणजे सुरुंगावर चालूनही तो फुटू नये इतके कमी. टेनिस कोर्टाएवढी जागा असा उंदीर अर्ध्या तासात हुंगून काढतो, आणि भंगाराकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तरी त्याला दोन माणसांमध्ये ताणलेल्या दोरीवरून सरळ रेषेत चालवायचे असल्याने उंच गवत आधी कापावेच लागते. पदक उंदराला मिळाले याचे मला कौतुकच आहे. पण वाट कापणाऱ्या माणसांसाठी कोठे पदक ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या ठिकाणी एक आडवळण अप्रस्तुत होणार नाही. पुण्याजवळच्या खडकीला मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातील सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ मध्ये जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, इटालियन फौजांच्या पाठलागात, सुदानलगतच्या इथिओपियात सलग चार दिवस सैन्याच्या आघाडीला राहून ५५ मैलांच्या रस्त्यावरील १५ सुरुंगक्षेत्रे शोधून साफ करवली. त्यात त्यांच्या एका कानाचा पडदा फाटला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पोलंडचे लष्करी अधिकारी युझेफ कोसाट्स्की यांनी स्कॉटलंडमध्ये तयार केलेला, एका माणसाला चालवता येणारा, सुमारे १४ किलोंचा सुरुंगशोधक मात्र त्यानंतरचा आहे. १९४२ मध्ये इजिप्तमधील एल अलामिनच्या लढाईत तो मोठ्या संख्येने वापरला गेला. लष्कराला रणगाड्यांपुरती एक वाट मोकळी हवी असते आणि त्यासाठी काही धोका पत्करला जातो. शांततेच्या काळात जमीन परत करायची असते ती शेतकऱ्याला, त्यामुळे तेथे प्रत्येक चौरस मीटरची हमी द्यावी लागते. उंच गवत ‘बहुधा साफ’ म्हणून सोडून देणे लष्कराला एखाद वेळी परवडेल. नांगर धरणाऱ्याला ते परवडत नाही. २००१-०२ मध्ये भारत-पाकिस्तान सीमेवर पेरलेले सुरुंग काढेपर्यंत पंजाब आणि राजस्थानातील सीमेलगतच्या शेतकऱ्यांनी याचा अनुभव घेतला आहे.

गवत ही अडचण असली तरी सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी ते पुरावाही असते. दोन्ही बाजूंना भात किंवा कसावा पिकत असताना मधला एकच तुकडा वर्षानुवर्षे गवताखाली राहिला, तर त्याला कारण असते: गावाला तेथे काहीतरी ठाऊक असते. म्हणून यंत्र आणण्यापूर्वी गावातील माणसांशी बोलणे होते. गुरे कोठे जात नाहीत, सरपण कोठून आणत नाहीत, कोणत्या वर्षी कोणाची म्हैस कोठे दगावली, हे विचारले जाते. याउलट, नकाशावर धोकादायक म्हणून रंगवलेली जमीन शेतकरी बरीच वर्षे निर्धोकपणे नांगरत असेल, तर ती पद्धतशीर चौकशी करून डिटेक्टर न चालवताही यादीतून वगळता येते. या रीतीने वाचलेला वेळ खऱ्या गवताळ तुकड्यांना देता येतो. हा साधा व्यवहारी विचार रूढ व्हायला बराच काळ लागला आणि तोपर्यंत पुष्कळ कष्ट निर्धोक जमिनीवर खर्ची पडले.

जुन्या गवताने आणखी एक गोष्ट केलेली असते. दर वर्षी वाळून पडणारी पाती आणि पावसात वाहून येणारा गाळ यांनी जमिनीची पातळी हळूहळू वर येते. उतारावर पाणी साचणाऱ्या जागी हा थर बराच असू शकतो. मूळ पृष्ठभागापासून १३ सेंटिमीटर म्हणजे आजच्या पृष्ठभागापासून त्याहून अधिक, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे प्रत्येक जादा सेंटिमीटरची किंमत मोठी असते. अशा जागी वरचा थर खरडून मग पुन्हा डिटेक्टर फिरवावा लागतो. म्हणूनच दररोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक डिटेक्टर त्याच प्रकारच्या मातीत, ठरलेल्या खोलीवर पुरलेल्या नमुन्यावर तपासून पाहिला जातो. कारखान्यातील आकडे जांभ्याच्या जमिनीत जसेच्या तसे उतरत नाहीत.

काम संपल्यावर जमीन लगेच शेतकऱ्याला मिळत नाही. साफ केलेल्या भागाचे काही तुकडे निवडून त्यांची स्वतंत्र तपासणी होते, आणि एखाद्या तुकड्यात चुकवू नये असे काही राहिलेले आढळले तर त्या भागाचे काम पुन्हा करावे लागते. कंबोडियात मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. साफसफाई आणि तपासणी यांच्यामध्ये तो आला तर काही आठवड्यांतच गवत पुन्हा डिटेक्टरचे डोके उचलून धरण्याइतके वाढते. सुरुंग नाहीत हे माहीत असले तरी तपासनिसाला तेच अंतर नडते, म्हणून तपासणीपूर्वी ते पुन्हा कापून घ्यावे लागते, आणि जाणते तुकडीप्रमुख त्या दुसऱ्या कापणीची मजुरी अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरून ठेवतात.